श्रीधररावांची दुनाळी

६ जानेवारी, मंगळवार

गुडघे बोलतायत. बंदुकांचं दुकान उघडतो तोच श्रीधरराव हजर. मांजरी गावचे. पूर्वी उसात डुकरं शिरायची म्हणून बंदूक बाळगायचे. आता ऊस गेला, इमारती आल्या. दिवाळीत बायको गेली, पद्मजाताई.

"अय्युबभाई, विकायचीय. किंमत सांगा."

स्पॅनिश दुनाळी, बारा बोअर. नळ्यांवरचे चाचणीचे ठसे स्वच्छ. अक्रोडाचा दस्ता तेल पिऊन काळसर झालेला. नळ्या सोडवून दोरीला टांगल्या, लाकडानं हलकेच ठोकलं — पितळी घंटा! दोन नळ्यांमधला सांधा सुटला असेल तर बद्द वाजतं. इथे नाद विरता विरेना. अशी बंदूक हल्ली येत नाही.

किंमत सांगणार, तर म्हणाले, "एक काडतूस मिळेल?"

म्हटलं, डबा घ्यावा लागेल.

"डबा काय करू? एकच पुरे."

विकणाऱ्याला काडतूस कशाला? आणि आवाज किती शांत. नको इतका.

बोलून गेलो — "सांधा सुटलाय. बार काढलात तर हात जाईल. इथेच जमा करा." मालाबद्दल असं खोटं मी कधी बोललो नाही.

"वा! म्हणजे भंगारात लाटायची तुम्हाला!"

पण बंदूक ठेवून पावती घेतली. गेले.

७ जानेवारी

त्यांच्या मुलाला, सलिलला, बंगलोरला फोन केला. "काका, बाबा ठीक आहेत हो. मी रोज बोलतो." काय बोलतोस? "जेवलात का, विचारतो."

ये म्हटलं. बघतो म्हणाला.

९ जानेवारी

जेवण गेलं नाही. बायको, अमिनाबी, म्हणते, "लोखंडाचं बरोबर ऐकू येतं. मी हाक मारली की बहिरे!"

हसलो. तिला काय सांगू?

१० जानेवारी

श्रीधरराव सगळीकडे सांगत सुटलेत — अय्युब चांगल्या मालात खोट काढतो. हडपसरचं जुनं गिऱ्हाईक आज दुरुस्तीला दिलेली आपली बंदूक उचलून घेऊन गेलं. तोंडावर काही बोललं नाही, तेच लागलं. आयुष्य घालवून कमावलेलं नाव!

असो. शिव्या देतायत म्हणजे जिवंत आहेत.

थकलो.

१३ जानेवारी

श्रीधरराव आले. बसले नाहीत. खिशातून एक काडतूस काढून काउंटरवर ठेवलं.

"त्याच दिवशी मित्राकडून आणलं होतं. बंदूक तुमच्याकडे राहिली."

मी काडतूस ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

"नळ्या वाजल्या तेव्हा मीही इथेच उभा होतो, अय्युबभाई. मागायला आलो तरी बंदूक देऊ नका."