दवाखान्याच्या गाडीतला कुबट वास

१२ जानेवारी १९६४, रविवार. देऊळघाट

वास! परत तोच कुबट वास. अंथरुणात, लुगड्यात, आज तर चहातसुद्धा! पावसाळा संपून तीन महिने झाले, बाहेर धूळ उडते आहे, आणि माझ्या गाडीला मात्र ओल्या पोत्याचा वास. लष्करातली जुनी मोटार. तिच्यात खाट, स्टो, कपाट बसवलं, बाहेर 'फिरता दवाखाना' लिहिलं आणि मला आत राहायला पाठवलं. नर्स कोकिळाबाई, मुक्काम पोस्ट चार चाकं!

महिना झाला इथे येऊन. बाळंतपणासाठी एक बाई पायरी चढली असेल तर शपथ. सगळ्यांचं एकच — "बाई, गाडीत वास येते."

१३ जानेवारी

मनकर्णाबाईंकडे जाऊन आले. त्यांची सून पुष्पा, दिवस भरत आलेत. आधीची दोन लेकरं पाचवीच्या आत गेली. तोंड मिटलं, अंग ताठ झालं, संपलं. नाळ विळ्याने कापायची आणि वर राख लावायची, मग दुसरं काय होणार! पण हे तिथे बोलले नाही. गेलेल्या लेकरांवरून सासूला सुनेसमोर काय बोलायचं? एवढंच म्हटलं, या खेपेला गाडीत आणा.

म्हातारी म्हणे, "आंधी वास जाऊ द्या, मंग पाहू."

वासच ना? घालवते! महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. तिसरं लेकरू मी जाऊ देणार नाही.

१५ जानेवारी

फिनाइलने सगळी गाडी पुसली. आता कुबट अधिक फिनाइल. ड्रायव्हर मोतीराम खूश — "आता कसं, मोठ्या दवाखान्यावानी वाटून राह्यलं."

१७ जानेवारी

कडुलिंबाचा धूर केला. डोळे सुजले, वास जागच्या जागी. अख्खा गाव वैद्य झाला आहे. कोणी म्हणतं कोळसे ठेवा, कोणी म्हणतं लिंबं कापून ठेवा, सरपंच हिंमतरावांनी कापूर पाठवला. कपाटात डांबरगोळ्या टाकल्या, तर भाताला डांबरगोळीची चव! मी जेवायचं तरी कुठे?

मोतीरामला सांगितलं, उद्यापासून गाडी दोनदा धुवायची, टपासकट. तो एरवीही रोज धुतोच. बापाची बैलजोडी होती म्हणे. त्या सवयीने बादल्या ओततो, चोळतो, वर गाडीच्या पाठीवर थाप मारतो. "बस बे, झालं," असं तिलाच सांगतो.

१९ जानेवारी

हिंमतरावांकडे हळदीकुंकू. सगळ्या गावाला बोलावणं, मला घरपोच तिळगूळ. हे गेल्याला सहा वर्षं झाली, सवय आहे. तिळगूळ चांगला होता. त्यालाही अर्ध्या तासात वास लागला!

२० जानेवारी

मनकर्णाबाई डोळ्यांत औषध घालून घ्यायला आल्या. अर्धा तास खाटेवर बसल्या, पुष्पाच्या खाण्यापिण्याचं विचारलं. नाकाला पदर नाही की काही नाही. म्हातारीचं नाक गेलं असेल.

मोठ्या आशेने विचारलं, "वास कमी झाला ना?" तर लगेच म्हणे, "येते जराक."

२३ जानेवारी

वाढला! दोनदा धुवूनसुद्धा वाढला! मोतीरामवर ओरडले. मग वाईट वाटलं. मग परत ओरडले.

२४ जानेवारी

काय लिहू! खाटेखाली भिंतीच्या फळीच्या फटीतून एक कोंब बाहेर आला आहे. पिवळट, दोन पानांचा. मी म्हटलं गवत असेल. मोतीराम गुडघ्यावर बसून बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, हे तं पऱ्हाटी व्हय!"

कपाशी! माझ्या गाडीत! फळी उचकटली तर आत सगळा कापूस, काळा पडलेला, सरकीसकट. मग कुठे याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी खामगावला गाडीची डागडुजी झाली, तेव्हा सुताराने पत्रा आणि फळ्यांच्या मध्ये कापूस ठासला होता. उन्हाळ्यात आत थंड राहावं म्हणून. कापसाच्या त्या बाजारगावात दुसरं काय ठासणार! टपाचे सांधे उघडे, वरून हा रोज पाणी ओततो, आणि दोनदा ओत म्हणून सांगणारी शहाणी कोण? मीच. आठवडाभर मी भिंतीतल्या शेताला पाणी पाजत होते.

"पीक बरं आलं असतं," मोतीराम म्हणाला. मला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदा.

२५ जानेवारी

चार पोती कापूस निघाला. दिवसभर सगळ्या फळ्या उन्हात. संध्याकाळी आत जाऊन नाक ओढून ओढून पाहिलं. काही नाही! सांधे डांबराने बुजवायला सांगितले, आणि पाणी बंद. मोतीरामचा चेहरा बैल विकल्यासारखा.

२६ जानेवारी

शाळेतलं झेंडावंदन आटोपून मनकर्णाबाईंना हाताला धरून गाडीत आणलं. "घ्या वास!"

त्यांनी घेतला. "गेला," म्हणाल्या. आणि खाली बघत बसल्या.

"मग पुष्पाला आणता ना?"

"बाई, राग नका येऊ देऊ. तुमच्या कपायी कुकू नाही. माह्याबी नाही. दोन्ही डाव लेकरू म्याच झेललं होतं. रांडमुंड बाईचा हात लागला न् गेलं. आता तिसऱ्या डावाले कोणत्या तोंडानं तुमच्या हाती देऊ?"

म्हणजे हे होतं! सगळ्या बायकांचं हेच! महिनाभर मी फिनाइल ओतते आहे, धुरात डोळे फोडून घेते आहे, आणि कोणाला तोंडावर सांगवलं नाही म्हणून वास, वास! मी इतकी संतापले की जे तेरा तारखेला गिळलं होतं ते ओरडून बोलले. "हाताने नाही मेली ती! विळ्याने मेली! गंजलेल्या विळ्याने नाळ कापली, त्याचं विष अंगात गेलं!" उकळून ठेवलेली कात्री त्यांच्यासमोर धरली. ही, आणि हा स्वच्छ दोरा. कुंकवाचा काही संबंध नाही.

त्या कात्रीकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातांकडे. आणि उतरून गेल्या.

२८ जानेवारी

निरोप नाही.

३१ जानेवारी

सकाळी बैलबंडी आली! आत पुष्पा, मागून मनकर्णाबाई पायी. दुपारी मुलगी झाली. रडली ती अशी की मोतीराम शाळेच्या ओट्यावरून धावत आला. मनकर्णाबाई सगळा वेळ बाहेर लिंबाखाली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. लेकरू दाखवलं तर मान हलवली. "पाचवी होऊ द्या."

गाडीत शेगडी ठेवून गेल्या. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. नवा वास! येऊ दे.

५ फेब्रुवारी

काल पाचवी झाली. लेकरू दूध ओढतं, रडतं, छान आहे. आज मनकर्णाबाईंनी पदरातून हात काढले आणि तिला मांडीवर घेतलं. मी म्हटलं, बघा, हातात काही नसतं.

"हाव," त्या म्हणाल्या. मग लेकराकडेच बघत — "पण बाई, इळाबी माह्याच हातात होता."

लेकरू त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. मी ते उचललं नाही.