माझा व्हरांडा लिहिणाऱ्यांना

मी, श्रीमती सरोजिनी गोविंद गायधनी, वय एकाहत्तर, पूर्वी नोकरी व आता कथालेखन, राहणार जेलरोड, नाशिकरोड, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसते. कोणी धाक दाखवलेला नाही, गळ घातलेली नाही. वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात मी कुठेच सापडेना, म्हणून पुन्हा लिहिते आहे.

१. माझे पती कै. गोविंद एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते आणि मी तिथल्याच कार्यालयात टंकलेखक. दोघांच्या पगारातून बांधलेले हे घर आज माझ्या एकटीच्या नावे आहे. आम्हाला मूल नाही. सबब घराची मालकी माझा पुतण्या चि. गौरांग याला मिळावी. मात्र पुढचा व्हरांडा आणि त्याला लागून असलेली खोली सौ. सुवर्णा हिच्याकडे तिच्या हयातीत वापरासाठी राहावी. दर रविवारी तिथे कथा लिहिणाऱ्यांनी बसावे.

गौरांगला मी हे आधीच सांगितले. तो म्हणाला, "काकू, उद्या घर विकायचं झालं तर अशा अटीवर कोण घेईल?"

मी म्हटले, "म्हणून तर अट घातली."

तो हसला. पोरगा मनाने चांगला आहे. माझी औषधे तोच आणतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

२. सुवर्णा माझी नात्याची नाही. तेव्हा हे वाचणाऱ्याला ती कोण हे कळायला हवे.

निवृत्तीनंतर, त्र्याण्णव सालापासून, मी रविवारी सकाळी व्हरांड्यात कथा लिहू इच्छिणाऱ्यांना बोलावू लागले. सुवर्णा जवळच्याच दसक गावची, पुंजाराम बोराडे यांची मुलगी. घरचा भाजीपाला. मेथी द्यायला आली आणि पायरीवर ऐकत बसली. पुढच्या खेपेला स्वतःची कथा घेऊन आली. कथेत पुण्याचा डॉक्टर, त्याची उदास बायको आणि एक पियानो होता.

"पियानो पाहिलास कधी?" मी विचारले.

"नाय बाई. पण कथेत असतो ना."

"काल तुझ्या घरात कोण कोणावर ओरडलं?"

"आई आन् चुलती. बाजारातल्या जागेवरून."

"मग पियानो बाहेर काढ आणि त्या दोघींना आत घे."

तिने घेतले. आई ठमाबाई आणि थोरली चुलती भागीबाई, दोघींची भाषा तिने जशीच्या तशी कागदावर आणली. शेवटी चुलती जागेसाठी आईची टोपली लाथाडते आणि टोमॅटो रस्त्यावर घरंगळतात, तिथे कथा संपत होती. एका दिवाळी अंकाने ती छापली. मी पेढे वाटले.

नावे बदलली होती, पण दसकमध्ये कोणाला ओळखू येणार नाही? पुंजाराम आणि त्यांचे थोरले भाऊ यांचे बोलणे बंद झाले. पुंजाराम यांनी लिहिणे बंद करायला सांगितले. सुवर्णा मला सांगायला आली तेव्हा आत यायलाही तयार नव्हती. "माझ्यामुळं दोन चुली तुटल्या, बाई. आता नाय लिहीत मी." तोवर मी फक्त वाक्ये कशी करावीत हेच शिकवत आले होते.

पुढे एका रविवारी व्हरांडा भरलेला असताना एक बाई डोक्यावरचा पदर सावरत पायऱ्या चढून आल्या.

"तुम्हीच का त्या शिकवणाऱ्या? मी भागीबाई. मला वाचता येत नाय. लोकं म्हणत्यात मी त्यात लय वाईट हाय. वाचा, मला ऐकायचंय."

मी वाचली. ठमाबाईंच्या एका टोमण्याला भागीबाई चक्क हसल्या, "असंच बोलती ती!" पण टोपलीपाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांबा. टोपली मी लाथाडली, खरं हाय. पण ती जागा मला सासूनं दिलेली. लग्नानंतर घराबाहेर पहिल्यांदा मी तिथं बसले. ती गेली असती तर मी परत चुलीपुढं. हे हिनं लिहिलंच नाय."

"तिला ठाऊक नसेल," मी म्हणाले.

"इचारलं का कुणी?"

भागीबाई तिथून उठल्या त्या तडक धाकट्या दिरांकडे गेल्या. तिथे त्या काय म्हणाल्या ते सुवर्णानेच नंतर मला सांगितले: "भावजी, पोरीला लिहू द्या. आत्ता अर्धंच झालंय."

सुवर्णा भागीबाईंपाशी बसून ऐकू लागली. कथेची कादंबरी झाली, दोन वर्षांपूर्वी ती पुस्तकरूपाने आली. नातवाकडून ती वाचून घेतल्यावर भागीबाईंची तक्रार एकच होती, की त्यांच्या तोंडी शिव्या कमी पडल्या. सुवर्णा आता इगतपुरीला असते, नवरा रेल्वेत आहे. रविवारी पॅसेंजरने येते आणि तीच सगळ्यांच्या कथा ऐकते.

३. व्हरांड्यात बसणाऱ्यांवर माझ्या अटी अशा. लिहिलेले मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य खोटे असते. पहिला खर्डा कितीही वाईट वाटला तरी शेवटाला नेल्याशिवाय दुरुस्त करू नये, नाहीतर पहिले पान सुंदर होते आणि दुसरे जन्माला येत नाही. सुचण्याची वाट पाहू नये. मी डबा भरून झाल्यावर आणि ऑफिसची बस यायच्या आत लिहीत असे, आणि सुचणे ती वेळ बरोबर ओळखून येई. आणि ज्याचा राग येतो त्याची बाजू त्याला विचारल्याखेरीज कथा पुरी झाली असे कोणी समजू नये. ही शेवटची अट माझी नव्हे, भागीबाईंची आहे.

४. माझा टाइपरायटर सुरगाण्याच्या देवरामला द्यावा. तो जीप चालवतो आणि फार सुंदर लिहितो. पण त्याच्या कथेत आधी डोंगर येतो, मग पाऊस, मग नागलीचे शेत, आणि माणूस पाचव्या पानावर. देवराम, माणसाला आधी जीपमध्ये बसव. डोंगर खिडकीतून दिसेलच.

५. माझी पहिली कथा "घरगुती" असा शेरा मारून परत पाठवणाऱ्या संपादकांवरचा राग मी तरुणपणापासून जपून ठेवला होता. त्याला वारस नेमत नाही. त्याच्या जोरावर मी तीन कथासंग्रह लिहिले. त्याचे काम झाले आहे.

६. बँकेत शिल्लक असेल त्यातून व्हरांड्यासाठी पुस्तके घ्यावीत आणि रविवारचा चहा करावा. चहात आले असावे.

७. माझ्या मेजावर एक कादंबरी अपुरी आहे. ती कोणी पुरी करू नये, सुवर्णानेही नाही; तिने स्वतःची लिहावी. माझी नायिका सध्या नदीच्या पुलावर उभी आहे आणि माहेरी परतावे की पलीकडे जावे हे तिचे ठरत नाही. मी रोज सकाळी तिच्यापाशी जाऊन बसते. हे मृत्युपत्र उघडायला तुम्हाला जितका उशीर होईल, तितकी ती पुढे गेलेली असेल.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, दोन ठिकाणी वाक्य बदलले आणि मग सही केली.

ठिकाण : जेलरोड, नाशिकरोड
दिनांक : १८ सप्टेंबर २००५

(सही) सरोजिनी गोविंद गायधनी

साक्षीदार : सरोजिनीबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.
१. (सही) डॉ. मृण्मयी दीक्षित, शेजारी
२. (सही) फकिरा ताजनपुरे, निवृत्त वीज कर्मचारी