आप्पांचं तात्पुरतं स्थलांतर

३ एप्रिल
चॅनेलच्या मुलीचा फोन. संध्याकाळच्या आठच्या चर्चेत 'धोरण अभ्यासक' म्हणून मला बसवायचं ठरलंय. विमा कंपनीत आयुष्य गेलं, पण माझं खरं क्षेत्र धोरण हेच, हे शेवटी कुणाला तरी कळलं. अट एवढीच की मागे पुस्तकं दिसावीत आणि आवाज नको. घरात शांत आणि थंड खोली एकच, मागच्या बाजूची. म्हणजे वडिलांची. आप्पांना म्हटलं, उन्हाळ्यापुरतं गच्चीवरच्या खोलीत जा. त्यांनी चष्मा पुसला आणि बरं म्हणाले. वडिलांनी पाठीशी उभं राहणं म्हणतात ते हेच.
बायको म्हणाली, वरच्या खोलीत आपण कपडेसुद्धा वाळत घालत नाही, विटतात म्हणून. बायकोला धोरणात्मक दृष्टी नाही.

५ एप्रिल
रद्दीवाल्याकडून किलोवर पुस्तकं आणली. जाडजूड, तांबड्या पाठीची. कायद्याची असावीत. भाषा कुठली ते कळत नाही, पण कॅमेऱ्यात भारदस्त दिसतात. आप्पांचं कपाट वर नेताना जिन्यात अडकलं. सध्या तिथेच आहे, आम्ही अंग चोरून चढतो.
संकल्प: गच्चीवरच्या खोलीच्या छताला पांढरा रंग देणे. त्याने खोली थंड राहते. येत्या रविवारपासून नक्की.

९ एप्रिल, रात्री ९
पहिली चर्चा. विषय: वाढतं तापमान, जबाबदार कोण? आठ जण, आठ चौकोन, मी खालून डावीकडचा. बोलायची संधी एकदा आली, तेव्हा मी म्यूटवर होतो. तरी हावभाव ठसठशीत झाले असं माझं मत. माइक घरघर पकडतो म्हणून पंखा बंद. वर कोट, खाली हाफ पँट. घामाने निथळलो. समाजासाठी काहीतरी सोसावं लागतंच.

१४ एप्रिल, रविवार
रंगाचे डबे आणले. पण गच्चीवर ऊन इतकं की माणूस उभा राहू शकत नाही. आप्पा म्हणाले, हो, असतं तसं. ऊन उतरलं की कामाला हात घालायचं ठरवलं. ऊन उतरलं तेव्हा चर्चा होती.

२२ एप्रिल
आता या कामातल्या खाचाखोचा समजल्या. मुलगी सकाळी फोन करून सांगते, सर, आज तुम्ही बाजूने, किंवा सर, आज विरोधात. जिकडे माणसं कमी तिकडे बसायचं. काल मी कार्बन कराच्या बाजूने होतो, आज विरोधात. दोन्ही दिवशी माझंच बरोबर होतं. याला व्यासंग लागतो.
आप्पा जेवायला खाली आले नाहीत. बायकोने ताट वर नेलं, तसंच परत आलं. या वयात आहार कमी केला हे उत्तमच.

२९ एप्रिल
आप्पांना जिन्यात चक्कर आली. कपाटाला धरून बसले म्हणून वाचले. कपाट तिथेच राहू देण्याचा निर्णय योग्य ठरला. डॉक्टर येऊन गेले. उन्हाचा त्रास आहे, यांना आजच्या आज खाली थंड खोलीत हलवा म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, नेमका हाच मुद्दा मी आज संध्याकाळी मांडणार आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. प्रभावित झाले असावेत.
मग ताईचा फोन. खूप बोलली. सारांश असा की मी आप्पांना माझ्याकडे घेऊन जाते. मी म्हटलं, भावनेच्या भरात निर्णय नको, थोडी कळ काढ. लगेच सहा कलमी कृती आराखडा करायला घेतला. कलम एक: छत रंगवणे. कलम दोन: कलम एकचा आढावा घेणे. पुढे डोळा लागला.

४ मे
आजचा दिवस सोन्याचा. विषय: वृद्धांसाठी सरकारने थंड निवारे उभारावेत का? विरोधात बसायला कुणी मिळेना. मी बसलो. चांगला दणकून बोललो, मध्ये कुणी तोंड घातलं नाही. म्हणालो, जुनी माणसं उन्हातान्हात वाढलेली आहेत, त्यांना सवय असते. आणि घरची माणसं असताना सरकारी तिजोरीवर भार कशाला? ज्याने त्याने आपल्या घरचं म्हातारं माणूस सांभाळावं. अँकर म्हणाली, फार मोठा मुद्दा.
बाहेर आलो तर आप्पा टीव्हीसमोर, मानेवर ओला टॉवेल. कसं झालं विचारलं. म्हणाले, आवाज स्पष्ट आला. उभ्या आयुष्यात त्यांनी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. भरून आलं.

५ मे
ताई गाडी घेऊन आली. आप्पा बॅग भरून तयारच. जाताना मागच्या खोलीच्या दारात जरा वेळ उभे राहिले. मी म्हटलं, आत या, बसा ना. नको म्हणाले, तुझी मांडामांड बिघडेल. बायकोने डोळ्याला पदर लावला. मी तिला समजावलं की हवापालट चांगलाच असतो. संध्याकाळी बोलायचं होतं म्हणून कोमट पाणी प्यायलो.

१२ मे
चॅनेलच्या मुलीचा फोन दुपारीच आला. आज तज्ज्ञ नकोत, लोक कंटाळलेत. उन्हाने खरोखर हाल झालेलं एखादं म्हातारं माणूस हवंय, आहे का सर तुमच्याकडे? मी ताबडतोब हो म्हटलं. आप्पांच्या शेजारी मुलगा म्हणून मी बसणार हेही ठरवून टाकलं. तिने त्यांच्या खोलीचा व्हिडिओ मागितला.
वर गेलो. भर दुपारी या खोलीत मी यापूर्वी आलो नव्हतो. गुंडाळलेली गादी, कोपऱ्यात बादली. भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. शूटिंग सुरू केलं तर थोड्या वेळात मोबाइलवर सूचना आली की तापमान जास्त झाल्याने कॅमेरा बंद होत आहे. मग मोबाइलच बंद पडला. खाली येऊन पंख्यासमोर धरला, चालू झाल्यावर ताईला लावला. म्हटलं, आप्पांना दे, टीव्हीवर यायचंय.
"झोपलेत ते," ताई म्हणाली. "इथे आल्यापासून दुपारी झोप लागते त्यांना. मी नाही उठवणार."
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, असं लिहायला हरकत नाही. म्हटलं, राहू दे, झोपू दे. मग त्यांना घ्यायला कधी येऊ?
"कुठल्या खोलीत नेणार आहेस?"
याच्या बाजूने किंवा विरोधात काही सुचलं नाही. फोन ठेवला. चॅनेलच्या मुलीला कळवलं की आमच्याकडे म्हातारं माणूस कुणी नाही.