मिरवणुकीतलं इंजिन

ट्रेंट,

'प्रिय' लिहायचे दिवस कोर्टातच संपले.

काल फोनवर ओरडलास, "मार्ला, घर सोडताना काय घालून गेलीस माझ्या इंजिनात?" म्हणे तुझ्या इंजिनात! ते तू एकट्याने बांधलंस अशी जजसमोर शपथ घेतलीस, म्हणून पिकअप तुझ्या वाट्याला आली. पिस्टन मी बसवायचे आणि वजन ओढायच्या स्पर्धेतला कप उचलून फोटो तू काढून घ्यायचास. तुझ्या नखाला कधी ऑइल लागलं नाही.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, तीच पिकअप गावच्या मिरवणुकीत काढलीस. शेजारी तुझी आई, पोरांवर टॉफ्या उधळत. बँडच्या मागून गोगलगायीच्या गतीने निघालास आणि चर्च यायच्या आत इंजिन जाम! आईसाहेब टॉफ्यांची बादली घेऊन पायी घरी गेल्या.

अरे, तीन हजार हॉर्सपॉवरच्या दणक्याने ब्लॉक फुटू नये म्हणून त्यातल्या, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा मी सिमेंटने बुजवल्या होत्या. असं इंजिन स्पर्धेत मिनिटभर गरजतं आणि तापून जाम व्हायच्या आत बंद करावं लागतं. ज्याने ते बांधलं, तो त्याला मिरवणुकीत नेईल का?

तुझा मेकॅनिक अजून पाण्याचा पंप तपासतोय म्हणे. तपासू दे. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं, तर उद्या अख्ख्या इंडियानाला सांगत सुटशील, "सिमेंट? ते तर मीच भरलं होतं!"

तुझी कुणीही नसलेली,
मार्ला