मूतखड्याची पंधरा मिनिटं

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, माझा गुडघा तुम्हाला ठाऊक आहे.) तुमची तब्येत उत्तम आहे असं मी गृहीत धरतो, कारण विचारलं तर तुम्ही सांगाल. तरी अत्यंत जड अंतःकरणाने एक तक्रार नोंदवतो: मंगळवारी तुम्ही तुमच्या मूतखड्याचं ऑपरेशन फोनवर नऊ मिनिटांत उरकलंत. भूल देणारा डॉक्टर गाळलात, शेजारच्या खाटेवरचा घोरणारा वकील गाळलात. या वयात हे शोभतं का?

आता खरं सांगतो, रागावू नका. आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई गेले दोन महिने दिवसातून तीनदा फोन करून "मामा, खडा नेमका केवढा होता हो?" असं विचारतात, ते जिव्हाळ्यापोटी नाही. मलेरियाच्या झटपट तपासणीत बोटातला रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला की पंधरा मिनिटं थांबायचं असतं. दुसरी रेघ उमटली तर मलेरिया. पण पेशंट सातव्या मिनिटाला "झालं असेल की" म्हणत चपला शोधतो, आणि मोबाइलचा गजर वाजला की नर्सबाई कटकट नको म्हणून तो बंद करून पुढच्या पेशंटला सुई टोचतात. त्यात वरच्या ऑफिसचं पत्र आलं: खर्च न वाढवता तपासणी सुधारा. तेव्हा मला तुम्ही आठवलात, आणि तुमची मूतखड्याची गोष्ट, बरोबर पंधरा मिनिटांची. गजर बंद करता येतो, तुम्हाला नाही. फोन स्पीकरवर ठेवला की बाकावरचं कुणी हलत नाही. (वडीलधाऱ्या माणसाचं पोट उघडं टाकून उठायचं कसं?) अहवालात मी तुमची नोंद "विजेशिवाय चालणारे वेळदर्शक उपकरण" अशी केली आहे. देखभाल: मामी.

तर मंगळवारी तुमच्याकडे पाहुणे आले, आणि तुम्ही भूल न देताच टाके काढलेत. इकडे तुमची गोष्ट संपताच मी पट्टी पाहिली, एकच रेघ. विटा वाहणाऱ्या एक बाई तापाने फणफणल्या होत्या, त्यांना "मलेरिया नाही" म्हणून घरी धाडलं. दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना सायकलवर बसवून घेऊन आला. दात वाजत होते. "काल तर नाही म्हणालात की, भाऊ!" पुन्हा तपासलं, तर रेघ ठसठशीत. याला जबाबदार कोण, हे मी लहान तोंडी काय सांगू?

मोठ्यांना नमस्कार. खडा अजून बाटलीत असेल तर त्यालाही.

तुमचा भाचा

ता. क. येत्या सोमवारी वरचे साहेब उपकरण पाहायला येताहेत. तुम्ही स्वतः यावं, ही विनंती. वकिलासकट.

ता. क. दुसरा. कल्पना मुळात मामीची. "तेवढाच मला दिवसाचा पाऊण तास," म्हणाली.

ता. क. तिसरा. मंगळवारी माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते चालू होतं. मला जेवायला जायची घाई होती. त्या विटावाल्या बाईंच्या गोळ्या तीन दिवसांच्या. रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन समोर बसून दिल्या. आज शेवटच्या. ताप उतरलाय. त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण निघताना नऊ मिनिटांचं मी आपणहून सांगून टाकलं.