विंडोजकडं मेमरी मागताना

बुधवार, संध्याकाळ. राजारामपुरी.

शुभांगीताईंनी आज ऑफिसात जे केलं ते डोक्यातून जात नाही. फाउंड्रीत ओतलेल्या लोखंडी भागांचे, म्हणजे कास्टिंगचे, एक्स-रे तपासणारा आमचा प्रोग्रॅम लिनक्सवर झकास चालतो. नव्या गिऱ्हाइकाकडं मात्र सगळं विंडोज, आणि तिथं तो सुरू होताच बंद पडायचा. उद्या सकाळी त्यांना चालवून दाखवायचाय.

मी कालपासून कोडमध्ये दिसेल तिथं 'विंडोज असेल तर' अशा अटी घालत बसलो होतो. ठिगळंच ती. ताईंनी बघितलं नि म्हणाल्या, "आरं, लिनक्सवर आपण मेमरी राखली की लगेच वापरतोय. विंडोजला तसं चालत न्हाय. राखायची एकदा, वापरायला परत मागायची. तू मागितलीयस कुठं?"

नव्हतीच मागितली! मग त्यांनी माझ्या सगळ्या अटी पुसल्या. राखणं, वापरायला घेणं, परत करणं, एवढी तीनच कामं वेगळी काढली आणि प्रत्येक सिस्टिमसाठी एकेक छोटी फाइल केली. बाकीच्या प्रोग्रॅमला खाली विंडोज आहे की लिनक्स, याचा पत्ताच नाही. किती साधं! मला का नाही सुचलं? 'तू मागितलीयस कुठं?' अजून कानात आहे.

सहाच्या सुमारास विंडोजवर पहिला एक्स-रे उघडला. कास्टिंगमधली बारीक चीर स्पष्ट दिसली. मी ओरडलोच. ताई मात्र लिनक्सच्या मशीनकडं वळल्या.

"थांब की. हिकडचं मोडलं न्हाय न्हवं, ते बघू दे आधी."

तिथंही तीच चीर दिसली, तेव्हा कुठं त्या हसल्या.