नव्या पिल्लाची हाडं

घोडेगाव,
शनिवार, मार्च १९४६

प्रिय कारभारी,

काल बाजारात बन्सी भेटला. अकोल्याकडून बैल घेऊन आला होता. म्हणाला, "कारभाऱ्यानं कुत्र्याचं नवं पिल्लू पाळलंय. त्याला कंची हाडं घालायची ते नूरभाईला इचार म्हनला." चौदा महिन्यांनी तुझा निरोप आला आणि तोही हाच. बन्सीला मी चहा पाजला, पण उत्तर दिलं नाही. लिहून कळवतो म्हणालो. आज दुपारपासून लिहायला बसलोय. दोनदा कागद फाडला.

आधी तुझ्या कामाचं सांगतो. हाड कच्चंच घाल आणि त्याच दिवशी कापलेल्या जनावराचं घाल. रोगाने मेलेल्या मेंढीचं नको, ती पुरून टाक. हाड पिल्लाच्या तोंडापेक्षा मोठं हवं, म्हणजे गिळता येत नाही, कुरतडतच बसावं लागतं. बोकडाची मान चांगली, बरगडी चांगली. वर थोडं मांस राहू दे. मोठ्या जनावराच्या पायाची नळी मात्र देऊ नकोस, ती दगडासारखी असते. लढाईच्या वर्षांत मी नगरच्या छावणीत मटण पुरवायचो, तेव्हा एका साहेबाच्या कुत्रीचा सुळा अशाच नळीवर तुटला होता. पुढे तिथले खानसामे हाडं निवडायला माझ्याकडेच यायचे. नूरमहंमदनं दिलं ना, मग डोळे झाकून घाला, असं एकमेकांना सांगायचे. त्याची मला फार घमेंड होती, कारभारी.

पिल्लू खात असेल तेव्हा जवळ बसून राहा. तुकडा लहान झाला की काढून घे. हिसकू नकोस, भाकरी पुढे कर, आपोआप सोडतं. आणि शिजलेलं हाड कधीच नाही. कच्चं हाड दाताखाली चेचलं जातं. शिजलेलं फुटतं, त्याच्या सुईसारख्या कपच्या होतात आणि आतडं फाडतात. तुझा हिऱ्या पिल्लू होता तेव्हाही मी तुला हे बजावलं होतं. तू हसून म्हणाला होतास, "आमच्याकडं शिजलेलं मटन मानसालाच पुरंना, कुत्र्याला कुठलं?"

मघाशी उठून अंगणात गेलो, उगाच बैलासमोर चारा टाकला, पुन्हा येऊन बसलो. फरीदाला मुलगा झाला, तुला कळलं नसेल. जावई चांगला आहे. पोर सारखं रडतं, पण अंगाने धट्टंकट्टं आहे. त्याला मांडीवर घेतलं की मला तिच्या लग्नाचा दिवस आठवतो आणि मी त्याला परत तिच्याकडे देऊन टाकतो. फरीदाला वाटतं, अब्बाला नातवाची माया नाही.

तुझी मेंढरं त्या वर्षी आमच्या गावातल्या कानिफनाथच्या वावरात खतासाठी बसली होती. तू आणि राहीबाई लग्नाला आलात, तुमच्या मागून हिऱ्याही आला. केवढा देखणा कुत्रा! लांडग्याच्या अंगावर एकटा जायचा, पण तुझं कोकरू त्याच्या पोटाशी झोपायचं. दोन दिवसांनी तो वावरातच रक्त ओकून मेला. पुढच्या महिन्यात लांडग्यांनी तुझी अकरा कोकरं नेली. तू राहीबाईला म्हणालास, तूच त्याला काहीतरी नासकं घातलंस. तिने शपथ घेतली, ताकभाकरीशिवाय काही घातलं नाही म्हणून. तू ऐकलं नाहीस. तिला माहेरी सोडलंस आणि मेंढरं घेऊन निघून गेलास. तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तुझ्या पाठीवर हातही ठेवला होता.

संक्रांतीच्या आधीच्या बाजारात राहीबाई मला दिसली. फार वाळली आहे. भावजयीबरोबर शेळी विकायला आली होती. दुकानापुढे थांबून म्हणाली, "भाऊ, तुमी हाडामासाचे जानते. भाकरीनं कुत्रं मरतं व्हय?" मी सुरीला धार लावत राहिलो. म्हणालो, "जनावराचं काय सांगावं." ती शेळीची दोरी ओढत निघून गेली. तेव्हापासून माझं कामात मन नाही. सुरी दोनदा बोटावर आली. गिऱ्हाईक काही विचारतं आणि मी भलतंच तोडून देतो.

कारभारी, लग्नाच्या दिवशी हिऱ्या मटणाच्या मोठ्या देगांपाशी घुटमळत होता. वरातीतली पुढे आलेली माणसं घाबरली, कुणीतरी ओरडलं. मला शरम वाटली. मी खरकट्यातून बोकडाची शिजलेली नळी उचलली आणि त्याला लांब न्यायला बाभळीपलीकडे फेकली. हातातून सुटली तेव्हाच मला कळलं होतं. धावत गेलो असतो तर काढून घेता आली असती. पण नवरदेव दारात आला आणि मी त्याच्या स्वागताला गेलो. हाडांतलं मला कळतं म्हणून लोक मला मानतात. माझ्याच हातून असं झालं, हे बोलायला जीभ उचलली नाही. तू राहीबाईवर आळ घेतलास तेव्हा तर मला सुटल्यासारखं वाटलं. काल बन्सीने तुझा निरोप सांगितला. एवढं होऊन तू मलाच विचारतोस, हे मला सोसलं नाही. आज सकाळी मी तिच्या माहेरी चालत गेलो आणि तिच्या भावासमोर सगळं सांगितलं. भाऊ माझ्या अंगावर धावून आला. तिनेच त्याला अडवलं. रडली नाही. म्हणाली, "मला म्हाईतच हुतं मी घातलं न्हाई. ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा." आणि म्हणाली, तू स्वतः न्यायला आलास तरच येईन, कुणाच्या निरोपावर येणार नाही. म्हणून हे पत्र. तिथल्या शाळेचे मास्तर ते तुला वाचून दाखवतील. त्यांना म्हणावं, चावडीवर मोठ्याने वाचा, आळ तिथपर्यंत पोचला असेल तर हेही पोचू दे. माझ्याकडे यायचं की नाही ते नंतर ठरव. आधी तिच्याकडे जा.

तुझाच, तू ठेवशील तर,
नूरमहंमद